आठ सोनेरी, एक काळा

"आठ सोनेरी आणि एक काळा," कुसुमताई म्हणाल्या. "एवढंच आमचं मागणं. बाकी तुम्ही जाणकार, तुम्ही म्हणाल तसं."

निमकरांच्या दिवाणखान्यात, ईशान्येच्या कोपऱ्यात, काचेची एक लांबलचक टाकी पाण्यानं भरून उभी होती. आत मासा एकही नव्हता. टाकीची जागा वास्तुशास्त्राच्या एका जाणकारानं ठरवली होती. माशांचे रंग आणि संख्याही त्यानंच. आठ सोनेरी मासे लक्ष्मीचे. काळा मासा घरावर येणारं संकट स्वतःवर ओढून घेतो आणि मरतो. मग दुसरा काळा आणायचा. माशांच्या आक्रमक वर्तनावर मी प्रबंध लिहिला आहे आणि सांगलीच्या महाविद्यालयात तोच विषय शिकवत आले आहे. परंतु कामाची इतकी सुटसुटीत वाटणी मला कोणत्याही सरोवरात आढळली नव्हती.

"आणि आफ्रिकन हवेत, आत्या," पराग म्हणाला. "बंगलोरला एका हॉटेलात पाहिले. काय रंग! दुकानदार म्हणाला, जात भांडखोर आहे, माहितगार माणूस लागतो. म्हटलं, आमच्या सोयऱ्यांतच डॉक्टर आहे की माशांची!"

पराग माझा भाचेजावई, कुसुमताई त्याची आई. माझ्या धाकट्या भावाची, सुधाकरची, मुलगी ऋजुता त्या वैशाखात इचलकरंजीच्या या घरात दिली होती. सुधाकरनं पत्रिका दोन ज्योतिषांना दाखवल्या होत्या. छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळले. उरलेले चार कोणते, हे विचारण्याची पद्धत नाही.

ही गोष्ट जुनी आहे. घरोघरी मोबाइल येण्यापूर्वीची. आमच्याकडे आणि निमकरांकडेही तेव्हा एक रीत कसोशीनं पाळली जात असे: लेकीला मूल होईपर्यंत माहेरच्यांनी तिच्या घरी जेवायचं नाही. जेवायचं नाही म्हणजे थांबायचं नाही, आणि थांबायचं नाही म्हणजे कारणाशिवाय यायचं नाही. मी मात्र सोयरी म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून आले होते. त्यामुळे पोहे मला चालत होते. ते ऋजुतानं आणून दिले आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. श्रावणातल्या दमट उकाड्यात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं.

"भांडखोर मासे एकत्र नांदवता येतात," मी परागला सांगितलं. "पण त्याचे नियम आहेत. नर एकच घ्यायचा आणि माद्या पुष्कळ. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती एकत्र ठेवायच्या नाहीत. दगड भरपूर रचायचे, म्हणजे प्रत्येकाला शिरायला कपार मिळते. आणि टाकीत थोडी दाटी करायची."

"दाटी? दाटीनं तर भांडणं वाढतील."

"उलट. नराचा राग कमी होत नाही, तो फक्त वाटला जातो. एवढ्या सगळ्यांत कोणाकोणाचा पाठलाग करणार?"

"आणि दाटी नसली तर, आत्या?" ऋजुतानं दारातून विचारलं.

"तर एकावरच येतं."

"मग तो मासा काय करतो?"

"वर जातो. पाण्याच्या अगदी वरच्या थरात, फिल्टरच्या मागे, पंख मिटून उभा राहतो. खात नाही. रंग उतरतो."

पराग खळखळून हसला. "आई, ऐकलंस? माशांतसुद्धा जुळवून घेणारे असतात!"

"जुळवूनच घ्यावं लागतं हो," कुसुमताई म्हणाल्या. "ऋजुता, आत्यांना चटणी वाढ."

नदीतले दगड पोत्यातून आणून मागच्या अंगणात टाकले होते. ते घासून धुवायचे होते. मी ऋजुताला मदतीला मागून घेतलं. कुसुमताईंनी परवानगी दिली, कारण काम शास्त्रीय होतं. नळाखाली बादली लावून आम्ही बसलो. ती दगड घासू लागली आणि पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

"बाह्या वर कर की."

"राहू दे."

"ऋजू, बाह्या वर कर."

तिनं उजवी बाही वर केली, मी पाहिलं, तिनं ती खाली घेतली. पुन्हा ब्रश उचलला. मी प्रयोगशाळेत निरीक्षण करायला शिकलेली बाई आहे. मला दुसऱ्यांदा पाहण्याची आवश्यकता नव्हती.

"आत्ता माझ्याबरोबर चल," मी म्हटलं.

"कुठं? बाबांकडे? आषाढात गेले होते. दोन दिवस ठेवून घेतलं आणि पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः इथं आणून सोडलं. 'पत्रिका एवढी जुळलीये, बाळा, तूही जरा जुळवून घे.' परागला म्हणाले, आमची पोर लाडावलेली आहे, सांभाळून घ्या."

"माझ्याकडे चल."

"तुझ्या त्या एका खोलीत? बाबा आणि हे दोघं मिळून येतील, आत्या. तासाभरात परत आणतील. वर तुझ्या प्राचार्यांना भेटतील." ती हसली. "तू कुमारिका, तू माझं डोकं फिरवलंस, असं होईल बघ."

ती बरोबर बोलत होती. तिच्या बोलण्यात मला कुठं चूक काढता येईना, आणि चुका काढण्याचा मला पगार मिळत असे.

"माणूस घरात आलं असलं ना, की ते हात लावत नाहीत," ती म्हणाली. "आलेलं माणूस गेल्यावरही दोन दिवस बरे जातात. म्हणून म्हणते, तू येत राहा. दिवाळीपर्यंत तरी. दिवाळसणाला मी सांगलीला येणारच आहे. आणि त्या वेळी बाबांना मला परत पाठवता येणार नाही, असं कारण घेऊन येईन."

"कसलं कारण?"

"येईन तेव्हा सांगेन. पण तू दर आठवड्याला यायचं तर तुलाही कारण हवं ना? तुझे मासे नीट नांदायला लागले तर तुला कोण बोलावणार?" तिनं दगड पालथा घातला. "असे मासे निवड, आत्या, की त्यांचं पटायचंच नाही."

तिनं आणखी एक दगड धुतला आणि अगदी सहज विचारलं, "यांच्या माद्या अंडी तोंडात धरतात ना? तू मागे सांगितलं होतंस."

"अंडी आणि मग पिल्लंही. तोवर खात नाहीत. तोंड मिटून राहतात."

"आणि त्या काळात तिला फार त्रास झाला तर?"

"तर ती गिळून टाकते. किंवा टाकून देते. म्हणून तोंड मिटलेली मादी दिसली की तिला वेगळ्या टाकीत हलवतात."

"लगेच?"

"जमेल तितक्या लवकर."

"हं," ऋजुता म्हणाली.

प्रश्न माझ्या विषयातला होता आणि उत्तर अचूक होतं.

कोल्हापूरला अशा माशांचा एक विक्रेता होता. त्याच्याकडे मी एक संपूर्ण दुपार घालवली. मलावी सरोवरातली ऑराटस नावाची एक जात आहे. लहानपणी सगळेच मासे सोनेरी. अंगावर काळ्या रेघा, दिसायला अतिशय देखणे. त्यांच्यातला जो नर इतरांना नमवतो त्याचा रंग पालटतो आणि तो काळा पडतो. बाकीचे नर त्याच्या धाकानं सोनेरीच राहतात; पण तो फसत नाही. जगभरचे मासे पाळणारे नवशिक्यांना या जातीपासून दूर राहायला सांगतात. मी त्याच जातीचे नऊ मासे घेतले, आणि त्यांत जितके नर येतील तितके यावेत म्हणून अंगानं भरलेले वेचून घेतले. वर्गात शिकवलेला प्रत्येक नियम मी एकेक करून उलटा लावला. दाटी नको, म्हणून नऊच. कपारी नकोत, म्हणून धुतलेल्या दगडांपैकी निम्मे बाहेर ठेवले. निवड इतक्या काटेकोरपणे बिघडवायची तर विषय पक्का यावा लागतो.

"यात काळा कुठाय?" मासे सोडल्यावर कुसुमताईंनी विचारलं. "हे तर नऊच्या नऊ सोनेरी."

"होईल. जो सगळ्यांना हरवील तो आपोआप काळा होईल."

"म्हणजे स्पर्धा!" पराग टाकीशी उकिडवा बसला. "वा, आत्या. याला म्हणतात निवड."

पाणी बदलण्यासाठी आणलेली रबरी नळी मी गुंडाळली आणि आमच्या प्रयोगशाळेत बांधतात तशी दुहेरी गाठ मारून टाकीच्या मागच्या खिळ्याला अडकवली. कुसुमताईंनी टाकीच्या झाकणावर शोभेसाठी पितळेचा एक जड मोर आणून ठेवला; खाणं घालायला आणि जाळी बुडवायला झाकणाच्या पुढच्या बाजूला छोटी खिडकी वेगळी होती.

"पाणी दर आठवड्याला थोडं बदलावं लागतं," मी सांगितलं. "ते मी येऊन करीन, तुम्ही हात लावू नका. आणि मासा मेला तर त्याच दिवशी फोन करा. एक मेला की बाकीच्यांना धोका असतो."

"करू की," कुसुमताई म्हणाल्या. ऋजुता दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी गेले. मासे नवे होते, अजून एकमेकांना जोखत होते. मी पाणी बदललं, नळीला गाठ मारली, चहा घेतला. ऋजुता दोन वाक्यं बोलली आणि बरी दिसली. त्याच्या पुढच्या आठवड्यात निघण्याआधी फोन केला तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "या खेपेला नका येऊ हो, आमच्याकडे पाहुणे आहेत." पाहुणे आहेत हे ऐकून मला बरं वाटलं. त्यानंतर न बोलावता जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी फोनची वाट पाहू लागले. माझ्या हिशेबानं पहिला मासा गणपतीच्या सुमारास मरायला हवा होता.

फोन आला नाही. गौरी-गणपती उरकले, पितृपक्ष लागला. शेवटी मीच केला.

"सगळं झकास आहे," कुसुमताई म्हणाल्या. "एक काळा झालाय बरं का! तुम्ही म्हणाला होता तस्सा. काय तेज आहे त्याच्यावर!"

"आणि बाकीचे?"

"पाच राहिलेत. नाही, चार. काल एक गेला."

"अहो, फोन करायला सांगितलं होतं मी!"

"त्यात काय फोन करायचा? मासा गेला म्हणजे घरावरचं संकट गेलं. चांगलंच की. पहिला गेला त्याच दिवशी परागची कोर्टातली तारीख आमच्या बाजूनं लागली. दुसरा गेला आणि कारखान्यातला संप मिटला. मी प्रत्येकाला तुळशीपाशी पुरते, हळदकुंकू वाहून."

"पण संकट तर काळा मासा घेतो ना?"

"आम्हीही त्या वास्तूच्या जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या घरात उलटं आहे. तुमच्याकडे सोनेरी घेतात."

शास्त्र असावं तर असं. माझ्या आणि ऋजुताच्या योजनेत त्या एका गोष्टीचा विचार राहून गेला होता: त्या घरात मरण ही तक्रारीची बाब नव्हती.

"मी उद्या येते," मी म्हटलं. "पाणी बदलायला हवं."

"कशाला उगाच? पाणी स्वच्छ आहे. आणि खरं सांगू का, ताई, सारखं सारखं बरं दिसत नाही. लेकीचं घर आहे. लोक विचारतात."

"ऋजुताला फोन द्या."

"न्हायला गेलीये."

तरीही मी दुसऱ्या दिवशी गेले. पराग फाटकातच भेटला. त्यानं वाकून नमस्कार केला, घरी श्राद्ध आहे, आज जमणार नाही, असं सांगितलं आणि स्वतःच्या मोटारीतून मला स्टँडवर आणून सोडलं. मोटारीत तो शेवटपर्यंत काळ्या माशाबद्दल बोलत होता. उसाचा रस घेणार का, असंही त्यानं विचारलं.

त्या संध्याकाळी मी सुधाकरच्या घरी गेले. तो देवापुढे बसला होता. मी हातावरच्या खुणांविषयी सांगितलं, तारखेसकट, विशेषणाविना, जसं शोधनिबंधात लिहितात तसं.

"ताई, तू माशांचं बघ," तो म्हणाला. "संसार तुला कळायचा नाही. महिन्या-सव्वा महिन्यावर दिवाळसण आलाय. येईल तेव्हा समजूत घालू."

"कोणाची?"

त्यानं घंटा उचलली.

फोन आला तो नवरात्र बसल्यावर, आणि सुधाकरचा. त्याचा आवाज चिरला होता. ऋजुताचा पाय घसरला होता. दवाखान्यातून काल घरी आणली होती. तिसरा महिना सरत आला होता. "आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं, ताई. त्यांनाही दवाखान्यातच कळलं म्हणे. पोरीनं तोंडातून शब्द काढला नाही."

या वेळी मला फाटकात कोणी अडवलं नाही. अशा प्रसंगी भेटायला येणाऱ्याला अडवत नाहीत. तीही एक रीत आहे.

ऋजुता दिवाणखान्यात, पलंगावर, शाल गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती. शेजारी कुसुमताई. पराग खुर्चीत. डोळे सुजलेले होते ते परागचे. कोपऱ्यातल्या टाकीत एक मासा होता. मखमलीसारखा काळाभोर, अंगावर फिकट निळसर पट्टा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे फिरत होता.

"टाकीचं पाणी बदलायला घेतलं हिनं," कुसुमताई सांगू लागल्या. वाक्यं आधीही अनेकांना सांगून गुळगुळीत झाली होती. "तुम्ही सांगितलं होतंत ना, आठवड्याला बदलायचं म्हणून. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती. नळी सटकली, फरशीभर पाणी झालं, आणि ही त्यावरून—"

मी उठून टाकीशी गेले. पाणी चार बोटं खाली उतरलं होतं आणि काचेवर क्षारांच्या बारीक पांढऱ्या रेघा एकीखाली एक उमटल्या होत्या. पाणी उन्हानं, वाऱ्यानं, कणाकणानं आटतं तेव्हाच त्या अशा उमटतात. झाकणावरचा पितळेचा मोर जागचा हलला नव्हता. त्याच्याभोवती धूळ बसली होती. मागे खिळ्याला नळी होती. तिच्यावरही धूळ होती, आणि माझी दुहेरी गाठ जशीच्या तशी होती.

"या टाकीचं पाणी मी गेल्यापासून कोणीही बदललेलं नाही," मी म्हटलं.

पराग अतिशय हळुवारपणे म्हणाला, "आत्या, तुम्हाला धक्का बसलाय. आम्हालाही बसलाय. पण तुम्ही माशांच्या डॉक्टर आहात."

"नळी सोडलेली नाही. झाकण उघडलेलं नाही. पाणी सांडलं ते कुठून?"

"सांडलं होतं, आत्या," ऋजुता म्हणाली.

मी वळले. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

"मीच सांडलं. माझंच लक्ष नव्हतं."

"बघा," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी तर म्हणते, घरावरचं काहीतरी फार मोठं होतं. ते त्या इवल्या जिवानं नेलं. असंच समजायचं. काय ग?"

"हो," ऋजुता म्हणाली. "असंच समजायचं."

त्या 'हो'नंतर मला सगळं समजलं. त्या दिवशी अंगणात ती दगड धूत होती ते दिवस मोजत. दिवाळसणाला माहेरी पोहोचायचं आणि मग तोंड उघडायचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, त्यामुळे सुधाकरला पेढ्यांचा पुडा घेऊन तिला परत सोडता आलं नसतं. रीतींनीच बांधलेल्या त्या घरातून बाहेर पडायला तिनं एक रीतच शोधून काढली होती. आम्हा सर्वांत विद्वान तीच होती. निमकरांना सांगितलं असतं तर त्यांनी मुलासकट तिला तिथंच ठेवून घेतलं असतं. म्हणून ती तोंड मिटून राहिली.

कुसुमताई चहाचं बघायला आत गेल्या. पराग गेला नाही. मी पलंगाशी जाऊन बसले आणि त्याच्यासमोरच विचारलं, "दिवाळीला येते आहेस ना?"

ऋजुतानं शालीची कड नीट केली.

"आता कशाला, आत्या?"

निघताना पराग फाटकापर्यंत आला. "येत जा," तो म्हणाला. "आता टाकीत एकच आहे, त्रास नाही काही. आणि कसा शांत झालाय पाहिलंत ना?"

तो खरं बोलत होता. एकटा उरलेला नर कोणाच्याही मागे लागत नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले होते. तिथल्या अधिकाऱ्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, क्षारांच्या रेघांविषयी आणि धुळीविषयी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलगी काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"पाणी सांडलं होतं म्हणते."

"मग, बाई?"

ऋजुता अजून त्याच घरात आहे. तिला पुढं मुलगा झाला. बाळंतपण इचलकरंजीतच झालं. बारशाला आम्ही सर्वजण गेलो आणि रीतीप्रमाणे प्रथमच पोटभर जेवलो. तिनं मला आग्रहानं पुरणपोळी वाढली. टाकी तेव्हाही तिथं होती, मासे मात्र दुसरे होते.

त्या नवरात्रातल्या दिवशी परत येताना मी माझी रबरी नळी खिळ्यावरून काढून पिशवीत घातली होती. माझीच वस्तू होती. कोणी हरकत घेतली नाही. ती आजही माझ्या कपाटात आहे. रबर आता कडक होऊन चिरलं आहे. गाठ मी सोडलेली नाही. कोणी पाहायला मागितली, तर दाखवता येईल.